राजधानीचे दर्शन आणि राजधानीचे वाचन : हैदराबादच्या राजवास्तू व मराठवाड्याचा प्रेक्षक

प्रस्तावना :

मराठवाड्यातील महाविद्यालयांच्या शैक्षणिक सहलींत हैदराबाद हे नेहमीचे ठिकाण आहे. चारमिनार, मक्का मशीद, गोवळकोंडा, सालारजंग संग्रहालय, चौमहल्ला राजवाडा आणि वेळ उरल्यास कुतुबशाही मकबरे, असा हा ठरलेला क्रम दोन दिवसांत पूर्ण होतो. परतल्यावर विभागाच्या दप्तरी जो सहल अहवाल दाखल होतो, त्यात 'भव्य', 'अप्रतिम', 'डोळ्यांचे पारणे फेडणारे' ही विशेषणे आलटूनपालटून येतात. वास्तूचे नाव, बांधणाऱ्याचे नाव व बांधकामाचे साल एवढ्या माहितीवर अहवाल संपतो. हाच अहवाल दिल्लीचा, जयपूरचा किंवा म्हैसूरचाही असू शकतो. त्यात हैदराबाद असते, परंतु ते पाहणारा मराठवाड्यातून आला आहे याची कोणतीही खूण त्यात नसते.

परभणी जिल्ह्याच्या सेलू तालुक्यातील देवगाव फाटा परिसरातून महाविद्यालयात येणाऱ्या विद्यार्थ्याला हैदराबाद म्हणजे परराज्यातील पर्यटनस्थळ वाटते. त्याच्या पणजोबांच्या दृष्टीने मात्र ती राजधानी होती. गावच्या शेतसाऱ्याचा शेवटचा मुक्काम तेथे होता, वरचे न्यायालय तेथे होते, विद्यापीठही तेथेच होते. तीन-चार पिढ्यांच्या अवधीत हे नाते इतके पुसले गेले आहे की आजचा विद्यार्थी चौमहल्ल्यातील झुंबरांकडे परक्या माणसाच्या कुतूहलाने पाहतो. राजधानीतील राजवास्तू पाहण्याची ही रीत तपासणे आणि मराठवाड्याच्या प्रेक्षकाला तिचे वेगळे वाचन करता येईल काय, याचा विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा उद्देश आहे. येथे वास्तुशास्त्रीय वर्णन अभिप्रेत नाही. वास्तू, तिची आजची मांडणी आणि तिच्याविषयीचे मराठी लेखन या तिन्हींकडे संहिता म्हणून पाहिले आहे.

१. राजधानी पाहण्याच्या मराठी परंपरा :

मराठी माणसाने परक्या राजधानीला दिलेल्या भेटीची नोंद मराठी गद्याला नवी नाही. विशेष म्हणजे त्यातील एक आरंभीची नोंद याच शहराची आहे. इ.स. १६७७ मध्ये दक्षिण दिग्विजयाच्या प्रसंगी छत्रपती शिवाजी महाराज भागानगरास, म्हणजेच हैदराबादेस, कुतुबशहाच्या भेटीस गेले. सतराव्या शतकाच्या अखेरीस कृष्णाजी अनंत सभासद यांनी जिंजी येथे लिहिलेल्या बखरीत या भेटीचे वर्णन आहे. नगर शृंगारल्याचे आणि स्वागताच्या थाटाचे तपशील बखरकार देतो. परंतु नगराचे वैभव हा त्याचा विषय नाही. त्या वैभवासमोर आपला राजा बरोबरीच्या नात्याने उभा राहिला, हे त्याला सांगावयाचे आहे. येथे राजधानी पाहणारा हा राजकीय समकक्ष आहे.

दुसरी परंपरा विष्णुभट गोडसे यांच्या 'माझा प्रवास' या ग्रंथाची. बायजाबाई शिंदे मथुरेस यज्ञ करणार असल्याची वार्ता ऐकून दक्षिणेच्या आशेने वरसईचा हा भिक्षुक १८५७ मध्ये उत्तरेकडे निघाला आणि झाशीच्या वेढ्याचा साक्षीदार झाला. १९०७ मध्ये प्रकाशित झालेल्या या प्रवासवृत्तात राजवाडा दिसतो तो पोटाचा संबंध असलेल्या माणसाच्या नजरेतून. दरबार टिकला तर दक्षिणा मिळणार आणि दरबार बुडाला तर जीवही जाणार, या जाणिवेमुळे गोडसे भटजींच्या वर्णनाला अहवालाची कोरडी कळा कोठेही येत नाही.

तिसरी परंपरा आधुनिक प्रवासवर्णनाची. पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई' (१९६०) या पुस्तकाने लोकप्रिय केलेला प्रवासी लंडन-पॅरिससारख्या राजधान्या पाहतो तो पाहुणा म्हणून. त्याच्याजवळ जिज्ञासा आहे, विनोदबुद्धी आहे, तुलना करण्याची रसिक वृत्ती आहे. मात्र त्या नगरीशी त्याचा हिशेब नाही. स्वातंत्र्योत्तर मराठी वाचकाची प्रवासविषयक अभिरुची प्रामुख्याने या पाहुण्याच्या दृष्टीने घडली आणि सहल अहवाल हा तिचाच एक उतरता, साचेबंद अवतार होय.

मराठवाड्यातून हैदराबादला जाणारा प्रेक्षक या तिन्हींत बसत नाही. तो समकक्ष नाही, दरबारचा आश्रितही नाही आणि निव्वळ पाहुणा तर मुळीच नाही. तो जुन्या रयतेचा वारस आहे. समकक्षाचा ताठा किंवा पाहुण्याची रसिकता उसनी घेऊन त्याने राजधानी पाहिली, तर त्याच्या स्वतःच्या इतिहासाचा धागा सुटतो. या चौथ्या प्रेक्षकाची दृष्टी कोणती असावी, हा खरा प्रश्न आहे.

२. राजधानी आणि प्रांत :

या प्रश्नाचे उत्तर शोधताना प्रथम एक गैरसमज दूर करावा लागतो. मराठवाडा हा हैदराबादचा केवळ दूरचा प्रांत नव्हता. देवगिरी ही यादवांची राजधानी होती आणि १३२७ मध्ये मुहम्मद तुघलकाने दिल्लीची राजधानी तेथेच हलविण्याचा घाट घातला. आसफजाही सत्तेचे आरंभीचे केंद्रही औरंगाबाद (आजचे छत्रपती संभाजीनगर) हेच होते. १७२४ मध्ये दख्खनमध्ये आपली सत्ता प्रस्थापित करणारा निजाम-उल-मुल्क आसफजहा पहिला याची कबर हैदराबादेत नसून खुलताबादला आहे. निजाम अलीच्या कारकिर्दीत, १७६३ मध्ये, राजधानी हैदराबादेस गेली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये गोदाकाठी राक्षसभुवनच्या लढाईत मराठ्यांनी निजामाच्या फौजेचा पराभव केला होता, हा योगायोगही ध्यानात घेण्यासारखा आहे.

या घराण्याच्या कबरींचा क्रम लावला तरी राजधानीचा इतिहास हाती येतो. मूळ पुरुष खुलताबादला, दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंतचे निजाम मक्का मशिदीच्या आवारात आणि १९६७ मध्ये मृत्यू पावलेला सातवा निजाम मीर उस्मान अली खान किंग कोठीसमोरच्या जुदी मशिदीत. मक्का मशिदीच्या ओळीने असलेल्या कबरी विद्यार्थ्यांना दाखविल्या जातात. या ओळीचा आरंभ आपल्याकडे, वेरूळच्या वाटेवर आहे, हे सांगितले जात नाही.

१९४८ पूर्वीच्या हैदराबाद संस्थानात औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड व उस्मानाबाद हे पाच मराठी जिल्हे होते. या जिल्ह्यांचा राजधानीशी दैनंदिन संबंध कारभारातून येई. महसुली वर्ष फसली, सरकारी भाषा उर्दू, नाणे हाली सिक्का. शेतजमिनीच्या कागदांत आजही 'सेतवार', 'खासरा', 'मुंतखब' हे शब्द जिवंत आहेत. हाली नाण्यावर चारमिनारची आकृती असे. म्हणजे सेलू-जिंतूरकडच्या ज्या शेतकऱ्याने जन्मात कधी हैदराबाद पाहिले नाही, त्यानेही चारमिनार हाताळला होता. त्याच्या मुठीत तो वास्तू म्हणून आला नाही. तो सारा भरण्याचे साधन म्हणून आला आणि त्याच रूपाने परत गेला. विसाव्या शतकाच्या आरंभी मनमाड-हैदराबाद मीटरगेज लोहमार्ग सुरू झाल्यावर सेलू, परभणी ही स्थानके राजधानीशी जोडली गेली. आज या मार्गावरून धावणाऱ्या गाड्यांना 'देवगिरी' आणि 'अजिंठा' ही नावे आहेत, हा इतिहासाने केलेला एक सूचक उलटा प्रवास म्हणता येईल.

३. चारमिनार आणि गोवळकोंडा : दंतकथेची मांडणी

मुहम्मद कुली कुतुबशहाने १५९१ मध्ये, म्हणजे हिजरी सनाच्या सहस्रकाच्या वळणावर, हैदराबाद वसविले आणि नगराच्या मध्यभागी चारमिनार उभारला. चार कमानी चार मुख्य रस्त्यांकडे उघडतात; वास्तूच्या वरच्या मजल्यावर मशीद आहे. नगररचनेचा केंद्रबिंदू म्हणून चारमिनारचे महत्त्व असाधारण आहे. परंतु तेथे ऐकविली जाणारी कथा भागमतीची असते. ही प्रेमकथा ऐतिहासिकदृष्ट्या वादग्रस्त आहे. ती सांगू नये असे नाही. मात्र ती आख्यायिका म्हणून सांगितली जावी. आख्यायिका इतिहासाच्या जागी बसली की नगर वसविण्यामागची व्यापार, पाणी आणि गोवळकोंड्याच्या किल्ल्यात न मावणारी वस्ती ही कारणे झाकली जातात.

चारमिनारजवळच्या लाडबाजारात मराठवाड्याच्या विद्यार्थ्याला एक वेगळा अनुभव मिळू शकतो. बांगड्यांचा दुकानदार गिऱ्हाइकाशी बोलताना 'नक्को' म्हणतो. हा मराठीचा 'नको' आहे. दखनी बोलीत मराठी शब्द कसे व केव्हा मिसळले, याचा धडा पाठ्यपुस्तकापेक्षा या बाजारात अधिक सहज शिकता येतो. कुली कुतुबशहा स्वतः दखनीचा महत्त्वाचा कवी होता, हे येथे जोडून सांगितले तर भाषेच्या विद्यार्थ्याला चारमिनार वेगळा दिसेल.

गोवळकोंड्याच्या फतेह दरवाजात टाळी वाजवून तिचा प्रतिध्वनी वरच्या बालाहिसारपर्यंत कसा पोहोचतो, हे दाखविणे हा प्रत्येक सहलीचा उत्कर्षबिंदू असतो. ध्वनिशास्त्राचे ते खरोखरच उत्तम उदाहरण आहे. परंतु टाळ्या वाजवून पुढे जाणाऱ्या प्रेक्षकाला, हा किल्ला १६८७ मध्ये आठ महिन्यांच्या वेढ्यानंतर औरंगजेबाच्या हाती कसा गेला, अबुल हसन तानाशहाच्या कारभारातील मादण्णा व आकण्णा या मंत्र्यांचा मराठ्यांशी झालेल्या तहात कोणता वाटा होता, हे प्रश्न पडत नाहीत. ज्या किल्ल्याच्या सत्तेशी १६७७ मध्ये तह झाला, ती सत्ता दहा वर्षांतच नाहीशी झाली. दख्खनच्या राजकारणातील हा पालट समजला, तर गोवळकोंडा हा मराठी इतिहासाचाच एक अध्याय ठरतो.

४. चौमहल्ला आणि फलकनुमा : वैभवाची मांडणी

चौमहल्ला राजवाड्याच्या बांधकामाला अठराव्या शतकाच्या मध्यास आरंभ झाला आणि पाचवा निजाम अफजल-उद्दौला याच्या काळात ते पूर्णत्वास गेले. जीर्णोद्धारानंतर २००५ मध्ये तो जनतेसाठी खुला झाला आणि २०१० मध्ये त्याला युनेस्कोचा आशिया-पॅसिफिक वारसा संवर्धन पुरस्कार मिळाला. खिलवत महालातील संगमरवरी तख्त, वरची एकोणीस बेल्जियन झुंबरे, दालनांतून मांडलेली छायाचित्रे, पोशाख, शस्त्रे आणि जुन्या मोटारी यांची निगा अनुकरणीय आहे. पडक्या राजवाड्यांच्या देशात या संवर्धनाचे मोल कमी लेखता येणार नाही.

समीक्षेचा प्रश्न निगेचा नाही, निवडीचा आहे. येथील मांडणीचा नायक घराणे आहे. कोणता निजाम कधी गादीवर आला, त्याची वस्त्रे कशी होती, दरबार कसा भरे, हे प्रेक्षकाला कळते. गादीखालचा पैसा कोठून आला, हा तिचा विषय नाही. संस्थानाच्या भूमीपैकी सुमारे दहा टक्के क्षेत्र 'सर्फ-ए-खास' म्हणून निजामाच्या खासगी उत्पन्नाचे होते. जहागिरदार व पायगा सरदारांकडे आणखी सुमारे तीस टक्के होते. उरलेल्या खालसा मुलुखाचा महसूल सरकारी तिजोरीत जाई. १९३७ मध्ये 'टाइम' नियतकालिकाने सातव्या निजामाचे चित्र मुखपृष्ठावर छापून त्याला जगातील सर्वांत श्रीमंत माणूस म्हटले. त्याच वर्षी १ जून रोजी, तेव्हा परभणी जिल्ह्यात असलेल्या परतूर येथे, गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन भरले आणि मराठी भागातील प्रजेच्या मागण्यांना संघटित स्वर मिळाला. मुखपृष्ठ आणि परतूर एकाच वर्षातले आहेत. चौमहल्ल्यात पहिले आठवते. दुसऱ्याची आठवण प्रेक्षकाला आपल्याबरोबर न्यावी लागते.

फलकनुमा राजवाड्याबाबत ही समस्या अधिक स्पष्ट होते. पंतप्रधान विकार-उल-उमरा यांनी १८८४ पासून बांधलेला हा प्रासाद सहावा निजाम मीर महबूब अली खान याच्याकडे गेला आणि २०१० पासून तो पंचतारांकित हॉटेल म्हणून चालतो. एकशे एक माणसांचे जेवणाचे मेज तेथील प्रमुख आकर्षण आहे. येथे इतिहास पाहण्यासाठी नसून उपभोगण्यासाठी आहे. सामान्य प्रेक्षक पुन्हा एकदा दाराबाहेर राहतो. फरक एवढाच की पूर्वी त्याला हुद्दा अडवीत असे आणि आता दर अडवितो. भारत सरकारने १९९५ मध्ये २१८ कोटी रुपयांना विकत घेतलेल्या निजामाच्या जडजवाहिरांचे भाग्य याहून थोडे बरे म्हणावे. ते सार्वजनिक मालकीचे झाले, अधूनमधून प्रदर्शनांतून लोकांसमोरही आले.

५. सालारजंग संग्रहालय : संग्राहक आणि प्रशासक

सालारजंग संग्रहालय १९५१ मध्ये दिवाण देवडीत सुरू झाले, १९६१ मध्ये संसदेच्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाची संस्था ठरले आणि १९६८ मध्ये मुसी नदीकाठच्या आजच्या इमारतीत आले. तिसरे सालारजंग मीर यूसुफ अली खान (१८८९-१९४९) यांनी आयुष्यभर केलेला संग्रह हा त्याचा गाभा. बेंझोनीची 'अवगुंठित रिबेका' (१८७६), एका बाजूने मेफिस्टोफेलिस व दुसऱ्या बाजूने मार्गारेटा दिसणारी दुहेरी काष्ठमूर्ती आणि तासातासाला गर्दी जमविणारे वाद्यघड्याळ यांपुढे विद्यार्थी रेंगाळतात. ते स्वाभाविक आहे. संगमरवरातून ओल्या वस्त्राचा भास निर्माण करणारे शिल्प कोणालाही थांबवील.

तथापि ज्या घराण्याचे नाव संग्रहालयाला आहे, त्यातील पहिले सालारजंग मीर तुराब अली खान हे १८५३ ते १८८३ या काळात संस्थानचे दिवाण होते. त्यांनी १८६५ मध्ये जिल्हाबंदी केली. जिल्हा, तालुका, तहसील या क्रमाने कारभाराची नवी घडी बसविली. मराठवाड्याचा माणूस आजही ज्या तहसील कचेरीच्या पायऱ्या चढतो, तिच्या मुळाशी ही सुधारणा आहे. अर्थात या दिवाणांची सर्वांत मोठी कृती संग्रहालयाच्या कपाटात नाही, ती आपल्या गावोगावी आहे. रिबेकेसमोर उभ्या असलेल्या विद्यार्थ्याला हे एका वाक्यात सांगता येते. ते सांगितले गेले, तर संग्रहालय हे केवळ विलायती नवलाईचे भांडार राहत नाही.

६. विद्यापीठाची इमारत आणि अजिंठ्याचे ऋण :

सहलींच्या यादीत क्वचितच असणारी, पण मराठवाड्याच्या प्रेक्षकाने आवर्जून पाहावी अशी वास्तू म्हणजे उस्मानिया विद्यापीठाचे आर्ट्स कॉलेज. १९१८ मध्ये उर्दू माध्यमातून उच्च शिक्षण देण्यासाठी स्थापन झालेल्या या विद्यापीठाची ही इमारत १९३९ मध्ये पूर्ण झाली. बेल्जियन वास्तुविशारद अर्नेस्ट जास्पर यांच्या आराखड्यातील या वास्तूत इस्लामी कमानींबरोबर अजिंठा-वेरूळच्या लेण्यांतील स्तंभांची छाप आहे. राजधानीने मराठवाड्याकडून केवळ महसूल घेतला नाही, रूपेही घेतली, याची ही दगडी कबुली होय.

ही देवघेव एकतर्फीही नव्हती. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या संस्थानच्या पुरातत्त्व विभागाने गुलाम यझदानी यांच्या नेतृत्वाखाली अजिंठ्याच्या जतनाचे काम हाती घेतले. चित्रांच्या रक्षणासाठी इटलीहून तज्ज्ञ आणले आणि पुढे यझदानींनी अजिंठ्यावरील बृहद् ग्रंथ सिद्ध केला. हैदराबादच्या राज्य संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या प्रतिकृती आहेत. अजिंठ्याचे रंग आज जेवढे उरले आहेत, त्यात या विभागाचा वाटा आहे, हे मान्य करण्यात मुक्तिसंग्रामाच्या स्मृतीला कोणताही कमीपणा येत नाही.

कारण याच विद्यापीठाच्या वसतिगृहांत १९३८ मध्ये 'वंदे मातरम्' म्हणण्यास मनाई झाली, विद्यार्थ्यांनी सत्याग्रह केला, त्यांना काढून टाकण्यात आले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आश्रय दिला. औरंगाबादच्या महाविद्यालयातही हेच लोण पोहोचले होते. अजिंठ्याची छाप वागवणारे स्तंभ उभे राहत होते त्याच सुमारास हे घडले. राजसत्तेचे औदार्य आणि राजसत्तेचे भय या दोन्ही गोष्टी एकाच आवारात सापडतात. या दोहोंपैकी एकच दाखविणारी सहल अर्धी राहते.

७. सहलीच्या नकाशावर नसलेली राजधानी :

राजवाड्यांपलीकडे हैदराबादेत मराठी माणसाने उभारलेली एक राजधानी आहे. तेव्हाच्या परभणी जिल्ह्यातून हैदराबादेस गेलेले केशवराव कोरटकर (१८६७-१९३२) वकिलीत नावाजले, उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती झाले. त्यांनी व वामनराव नाईकांसारख्या सहकाऱ्यांनी शिक्षणप्रसारासाठी जे प्रयत्न केले, त्यांतून विवेकवर्धिनीसारखी संस्था उभी राहिली. हैदराबादचे मराठी ग्रंथ संग्रहालय आणि मराठी साहित्य परिषदेचे 'पंचधारा' हे त्रैमासिक हीदेखील याच परंपरेची फळे. १९३१ मध्ये श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या अध्यक्षतेखाली मराठी साहित्य संमेलन हैदराबादेत भरले.

त्याच १९३१ सालची दुसरी नोंद याच्या शेजारी ठेवली पाहिजे. हैदराबाद संस्थानातील प्रजेची राजकीय परिषद त्या वर्षी अकोल्यास भरली. त्यापूर्वीच्या परिषदा काकीनाडा, मुंबई व पुणे येथे झाल्या होत्या. १९२९ च्या 'गश्ती निशाण ५३' या फर्मानाने सभांवर परवानगीचे बंधन आले होते. साहित्याला राजधानीत मंडप मिळत होता, राजकारणाला मात्र संस्थानाची सीमा ओलांडावी लागत होती. जी परिषद राजधानीत भरू शकली नाही, तिचे स्मारक राजधानीत कोठे शोधणार? पाहण्याजोग्या वास्तूंच्या यादीतून इतिहासाचा केवढा भाग मुळातच वगळला जातो, हे या एका उदाहरणावरून ध्यानात यावे.

नकाशावर नसलेले दुसरे स्थळ तारनाका येथील राज्य अभिलेखागार. शाहजहान व औरंगजेब यांच्या काळातील दख्खनी सुभ्यांची फारसी कागदपत्रे आणि आसफजाही दप्तरे येथे आहेत. निजामाच्या महसुली कारभारात मराठी मुलुखाचे हिशेब 'दफ्तर-ए-दिवानी'कडे असत आणि ते रायरायान या मराठी घराण्याकडे वंशपरंपरेने होते. या कागदांचे महत्त्व केवळ संशोधकांपुरते आहे असा समज अलीकडे पूर्णतः खोटा ठरला. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली, निजामकालीन नोंदींचा शोध हैदराबादपर्यंत गेला आणि २ सप्टेंबर २०२५ च्या शासन निर्णयाने 'हैदराबाद गॅझेट' हा शब्द गावागावांत पोहोचला. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाची भूमिका काहीही असो, एक गोष्ट या काळात उघड झाली. स्वतःच्या पूर्वजांची नोंद वाचण्यासाठी लागणारी उर्दू व मोडी ही दोन्ही साधने मराठवाड्याच्या सुशिक्षित पिढीच्या हातून निसटली आहेत. आजोबांची सही ओळखू येते, सहीवरचा मजकूर वाचता येत नाही. राजधानीशी तुटलेल्या नात्याची ही खरी किंमत आहे आणि ती भावनिक नसून व्यावहारिक आहे.

८. मराठी लेखनातील हैदराबाद :

या राजधानीचे आतून दर्शन घडविणारे लेखन मराठीत आहे. नीलंग्यात जन्मलेले सेतु माधवराव पगडी निजामाच्या मुलकी सेवेत अधिकारी होते. उर्दू-फारसीवर प्रभुत्व असलेल्या या इतिहासकाराचे 'जीवनसेतु' हे आत्मकथन कारभाराच्या आतल्या बाजूने येते. अनंत भालेराव यांचा 'हैदराबादचा स्वातंत्र्यसंग्राम आणि मराठवाडा' (१९८७) हा ग्रंथ लढ्याच्या बाजूने लिहिलेला आहे. शिक्षणासाठी हैदराबादेत राहिलेले नरहर कुरुंदकर विश्लेषकाची भूमिका घेतात. त्यांच्या 'हैदराबाद : विमोचन आणि विसर्जन' या शीर्षकातच दोन भिन्न घटना वेगळ्या केल्या आहेत. सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईने संस्थान मुक्त झाले. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यपुनर्रचनेने ते विसर्जित झाले. पहिली घटना आपण दरवर्षी १७ सप्टेंबरला साजरी करतो. दुसऱ्या घटनेने आपली राजधानी बदलली, भाषिक नाते जुळले, आणि त्याचबरोबर दोन शतकांचा सहवासही संपला. या दुसऱ्या घटनेचा विचार मात्र फारसा होत नाही.

या तिन्ही लेखकांपैकी एकानेही पर्यटकासाठी लिहिलेले नाही. परंतु प्रवासवर्णनाच्या पाहुण्या दृष्टीला जे दिसत नाही, ते यांच्या लेखनात आहे. मुक्तिसंग्रामाचे वाङ्मय आणि प्रवासवर्णन यांची आपण अभ्यासक्रमात वेगवेगळ्या कप्प्यांत वाटणी केली. पहिले इतिहास विभागाकडे गेले, दुसरे मराठी विभागाकडे आले. परिणामी सहलीच्या बसमध्ये बसताना विद्यार्थ्याच्या हाती यांपैकी कोणतेच पुस्तक नसते. साहित्याच्या अध्यापकांना ही वाटणी मोडणे अवघड नाही.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अशा वाचनाने जुन्या जखमा उकलतील. रझाकारांच्या अत्याचारांच्या आठवणी मराठवाड्यात आजही ताज्या आहेत हे खरे. परंतु त्याच राजधानीत रझाकारांविरुद्ध लेखणी चालविणारे 'इमरोज'चे संपादक शोएबुल्ला खान यांची ऑगस्ट १९४८ मध्ये हत्या झाली, हेही त्याच इतिहासाचा भाग आहे. पूर्ण इतिहास सांगितला की तो एका समाजाविरुद्धचा आरोप राहत नाही. दुसरा आक्षेप असा की, अजिंठ्याचे जतन, जिल्हाबंदी, विद्यापीठ यांचा उल्लेख करणे म्हणजे निजामशाहीचे गोडवे गाणे होय. हाही टिकत नाही. रयतेचा वारस जेव्हा हिशेब मांडतो, तेव्हा जमा आणि खर्च या दोन्ही बाजू लिहितो. एक बाजू कोरी ठेवून हिशेब पुरा होत नसतो.

निष्कर्ष :

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील निष्कर्ष नोंदविता येतात.

१) हैदराबादच्या राजवास्तूंची प्रचलित मांडणी घराणे, वैभव व आख्यायिका यांभोवती फिरते. ती असत्य नाही, अपुरी आहे. तिच्यात प्रांताला जागा नाही.

२) मराठी प्रवासवर्णनाने रुजविलेली पाहुण्याची दृष्टी मराठवाड्याच्या प्रेक्षकाला पुरेशी नाही. रयतेच्या वारसाची दृष्टी स्वीकारल्यास त्याच वास्तू त्याच्या गावाच्या इतिहासाशी जोडल्या जातात.

३) अप्रूप आणि निषेध या दोन्ही टोकांनी वाचन थांबते. विद्यापीठाचे आवार, अजिंठ्याचे जतन आणि १९३१ सालच्या दोन परिषदा यांतून संमिश्र, पण अधिक खरे चित्र हाती येते.

४) शैक्षणिक सहलीपूर्वी विद्यार्थ्याने आपल्या घरातील एक जुना जमिनीचा कागद शोधावा, त्यातील सेतवार, फसली, मुंतखब यांसारख्या शब्दांचे अर्थ घरातील वडीलधाऱ्यांना विचारावेत आणि भालेराव, पगडी किंवा कुरुंदकर यांच्या लेखनातील एखादे प्रकरण वाचावे. सहलीच्या कार्यक्रमात आर्ट्स कॉलेज, मराठी ग्रंथ संग्रहालय व अभिलेखागार यांपैकी किमान एका स्थळाचा समावेश व्हावा. यासाठी जादा निधीची गरज नाही. फलकनुमाच्या दारापर्यंत जाऊन परतण्यात जेवढा वेळ जातो, तेवढा पुरेसा आहे.

५) मराठी, इतिहास व उर्दू या विभागांनी एकत्र येऊन मोडी व उर्दू लिपींचे अल्पमुदतीचे अभ्यासवर्ग चालवावेत. राजधानीतील दप्तर मराठवाड्याच्या माणसाला स्वतः वाचता येणे, हे कोणत्याही राजवाड्याच्या दर्शनापेक्षा अधिक मोलाचे आहे.

चारमिनार आज तेलंगणाच्या राजधानीत आहे आणि मराठवाडा महाराष्ट्रात. हा निर्णय इतिहासाने केला आहे आणि तो योग्यच आहे. मात्र राज्याची सीमा बदलली म्हणून दप्तरातल्या नोंदी, बोलीतले शब्द आणि लेण्यांवरून उचललेले स्तंभ जागा बदलत नाहीत. ते वाचण्याची जबाबदारी ज्यांच्याकडे विद्यार्थी सोपविलेले आहेत, त्या अध्यापकांवर येते.